खटक्यावरचा अंगठा

२४ ऑक्टोबर १९९९

पाऊस गेला, सडा वाळला. आज गोळपच्या सड्यावर, उघड्या कातळाच्या पठारावर, विमान पहिल्यांदा उडवलं. माडाच्या शेंड्याच्या थोडं वर गेलं, दोन गिरक्या घेतल्या आणि गवतात नीट उतरलं. मालनवहिनी, म्हणजे बाळाची बायको, चहाची किटली घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "पन्नाशी उलटली की माणसं काशीला जातात, नायतर मक्केला. आमचे दोघे सरळ वरच निघाले."

ही वही फक्त विमानाची. होड्यांच्या इंजिनांचा हिशेब मिरकरवाड्याच्या दुकानात लिहितो, तो इथे नको.

शारजात मी चौदा वर्षं काढली. आमच्या वर्कशॉपचे साहेब दर शुक्रवारी वाळवंटात रेडिओवरची विमानं उडवायचे. इंजिन चालू झालं नाही की हाक यायची, "गफूर!" मी कान लावायचो, तेलाची सुई केसभर फिरवायचो, इंजिन गाऊ लागायचं. मग साहेब रेडिओ हातात घ्यायचे आणि मी जीपच्या सावलीत जाऊन बसायचो. चौदा वर्षांत एकानेही म्हटलं नाही की घे, एकदा तू उडव. त्यातला एक तांबड्या मानेचा साहेब सारखा दहा हजार फुटांच्या बाता मारायचा. तीन हजारांच्या वर कधी गेला नाही.

मला दहा हजार फूट जायचंय. मी जुळवलेल्या इंजिनावर, मी बांधलेल्या पंखांवर, आणि माझ्या हाताने. पहिल्या दोन गोष्टी नसल्या तरी चालेल, तिसरी हवीच.

सोबतीला बाळा शिवलकर. शाळेपासूनचा दोस्त. जहाजावर रेडिओ ऑफिसर होता. जहाजांवर उपग्रहाची यंत्रं आली आणि बाळा घरी आला. घरी बसून मालनवहिनींच्या मिक्सरची वायर तिसऱ्यांदा बदलत होता, तेव्हा मी त्याला उचलला.

२१ नोव्हेंबर

विमान काजूच्या झाडात. उजवा पंख गेला.

दुर्बीण तीन पायांच्या तिकाटण्यावर बांधून मी वर बघत होतो, बाळा घड्याळाकडे. विमान गोल गोल चढत चाललं होतं. मग इंजिनाचा आवाज जाड झाला. खोकल्यासारखा. दुसऱ्या कोणाला ऐकू आला नसता. मी म्हटलं, घुसमटतंय. म्हणेपर्यंत बंद पडलं.

विमानाच्या पोटात उंची मोजणारं मनगटी घड्याळ बांधलंय. सगळ्यात वर कुठे पोचलो ते लक्षात ठेवतं, खाली आलं की बटण दाबून विचारायचं. ते म्हणालं, दोन हजार नऊशे.

दिवसभर डोकं खाजवलं, तेव्हा माझा गाढवपणा कळला. वर हवा विरळ, तेल मात्र तेवढंच जातं. इंजिनाला तेलाचा ठसका लागतो. डोंगरातल्या कुठल्याही ट्रकवाल्याला हे ठाऊक असतं. मी जन्मभर समुद्राच्या पातळीवर इंजिनं लावली. होडी कधी घाट चढत नाही.

५ डिसेंबर

इंजिन फळीवर ठोकून टेम्पोत घातलं आणि आंबा घाट गाठला. प्रत्येक दोन वळणांवर थांबायचं, चालू करायचं, कानाने सुई लावायची, किती फिरवली ते बाळाने लिहायचं. एका एसटीच्या कंडक्टरने खिडकीतून विचारलं, "काय ओ, मिक्सर इकायला निघालाव?" बाळा म्हणाला, "व्हय, चटणी वाटून दाखवू?"

आता विमानात सुई फिरवायला वेगळी मोटर बसवायची. जसजसं वर जाईल तसतसं तेल कमी करत न्यायचं, खालून रेडिओवर. हे साहेबांच्या डोक्यात कधी आलं नसतं.

परत येताना साखरप्याजवळ एक म्हैस ऐनवेळी आडवी आली. बाळा म्हणतो ती मघापासून रस्त्यात उभीच होती. वाद नको म्हणून स्टिअरिंग त्याला दिलं.

२ जानेवारी २०००

पाच हजार शंभर!

सुईची मोटर पास. इंजिन शेवटपर्यंत एका सुरात. पण वर फार धुरकट आहे. सड्यांवर गवत जाळताहेत, त्याचा धूर असणार. मध्येच विमान आपोआप एका अंगावर पडायला लागलं. मी सावरत होतो तर जास्तच पडलं. बाळाने माझ्या हातातून रेडिओ ओढून घेतला आणि कसंबसं सरळ केलं. मी चिडलो. मग त्याने दुपारी घरी येऊन स्वतःच कबूल केलं की चूक रेडिओची, इतक्या उंचीवर त्याचा जोर कमी पडतो. स्वतःच्या कामातली खोट अशी तोंडावर कबूल करणारा माणूस विरळा.

रोजे चालू आहेत. बायको, शरीफा, म्हणते, तुमच्या साखरेला रोजे झेपत नाहीत, अल्ला माफ करतो. मी म्हटलं, अल्लाचं मला सांगू नको, खजूर सरकव.

१३ फेब्रुवारी

विमानाचं पोट काळं रंगवलं. त्याआधी नारिंगी, त्याआधी लाल. रंग कंपन्यांनी हल्ली रंगात काही ठेवलेलंच नाही.

बाळाने नवा, दणकट रेडिओ बांधून आणला. व्यवस्था अशी: त्याचा डबा एरियलवाला, माझा डबा वायरने त्याला जोडलेला. त्याच्या डब्यावर एक स्प्रिंगचा खटका आहे. त्याने खटका अंगठ्याने दाबून धरला की माझ्या दांड्या चालतात, सोडला की त्याच्या. नवशिक्यांना शिकवायला असंच करतात. मी म्हटलं, म्हणजे मी नवशिक्या? तो म्हणाला, "तुझा डबा हलका ऱ्हावा, म्हणून. एरियल माझ्याकडे, विमान तुझ्याकडे. मी नुस्ता खटका दाबून बसतो."

त्याचा अंगठा दुखेल म्हणून खटक्याला रबर बँड लाव म्हटलं. नको म्हणाला. "अंगठा माझा हाय ना, मग रबर कशाला?"

आज सहा हजारांच्या वर. पूर्वी कधी इतकं गुळगुळीत उडालं नव्हतं. नव्या रेडिओचा गुण.

९ जुलै

पावसात उडवणं बंद, बांधणं चालू. नवीन पंख बारा फुटांचा, आत बांबूच्या कामट्या, वर ग्लास फायबर. वजन जुन्यापेक्षा कमी. दुकानात बाळाने सगळी हत्यारं भिंतीवर ठरल्या जागी लावलीत. हात घातला की पाना मिळतो. जहाजावरची शिस्त.

लेक महरीन खेडहून चार दिवस आली होती. मला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलंन. त्याने औषध घालून तासभर बसवलं, म्हणाला आतल्या पडद्यावर डाग आहेत, साखरेमुळे, मुंबईला दाखवा, उशीर करू नका. ह्या वयात कुठल्या पडद्यावर डाग नसतात? मोसम संपल्यावर बघू म्हटलं. चष्मा मात्र बदलला. फुकट खर्च, काही फरक नाही. वही मोठ्या ओळींची घेतली.

शरीफा आताशा पेडवे मासळीचे काटे काढून ताटात वाढते. लग्नाला तीस वर्षं झाल्यावर प्रेम उतू चाललंय. मी काही बोलत नाही, गुपचूप खातो.

१२ नोव्हेंबर

नवीन विमान. सात हजार सहाशे.

आज एक विलक्षण गोष्ट झाली. विमान माझ्या मनातलं ओळखायला लागलंय. मी दांडी हलवायच्या आधीच वळतं. वर गेल्यावर आवाज ऐकू येत नाही, पण खाली येताना ऐकलं. मी उजवीकडे न्यायचं ठरवलं आणि माझं बोट हलायच्या आत इंजिनाचा सूर वळला. शारजातले साहेब म्हणायचे, यंत्राशी एकजीव झालं पाहिजे. ते नुसतं म्हणायचे.

अधूनमधून बाळाच्या डब्यातून बारीकसं "टक्" ऐकू येतं. बिचारा अंगठ्याला क्षणभर विसावा देत असेल.

१० डिसेंबर

दहा हजार दोनशे चाळीस.

पुन्हा लिहितो. दहा हजार दोनशे चाळीस फूट.

सकाळी वारा पडलेला. पाऊण तास चढत होतं. मला ते ठिपक्यासारखं दिसलं, मग कधी नाही, मग पुन्हा. बाळा दुर्बिणीला डोळा लावून बसला होता. "बरोबर हाय. छान घेतलंस. जाऊ दे वर," असं म्हणत होता. उतरल्यावर त्याने घड्याळाचं बटण दाबलं, आकडा वाचला आणि खाली कातळावर बसला. रडतोय की काय वाटलं. माझ्या जिंकण्यावर माझ्याहून जास्त खूश झालेला माणूस मी पहिल्यांदा बघितला.

संध्याकाळी इफ्तारला आमच्याकडे गर्दी. बाळाने सगळ्यांसमोर माझा हात वर केला, म्हणाला ह्या हाताने नेलं. दोघा-तिघांनी हात हातात घेऊन बघितला. मी पण बघितला.

एक बारीक गोष्ट लिहून ठेवतो. हात धुवायला मागच्या दारी गेलो होतो. स्वयंपाकघरात मालनवहिनी हळू म्हणाल्या, "म्हणजे अजून सांगितलं नाय त्यांना?" आणि शरीफा म्हणाली, "तोंड बघितलाव ना त्यांचं? आता कोण सांगणार?"

महरीनचं काही असेल वाटलं. उद्या विचारतो.

१२ डिसेंबर

महरीनचं काही नाही. शरीफाने नको तेवढ्या घाईने सांगितलं. तेव्हापासून कानात एकच आवाज आहे. टक्.

१७ डिसेंबर

आज सड्यावर मी नेहमीसारखा खुर्चीत बसलो, डबा गळ्यात. विमान वर गेलं. बाळा दुर्बिणीत. मी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

विमान चढत राहिलं. म्हणजे चढत असावं, कारण बाळा म्हणाला, "छान. आता डावीकडे घेतोस? शाब्बास."

मी म्हटलं, "बाळ्या, माझे हात मांडीवर आहेत."

तो दुर्बिणीवरून हलला नाही. हलणार कसा, विमान त्याच्या हातात होतं. तसाच डोळा लावून म्हणाला, "आधी उतरवतो, मग काय ते बोल."

मी वाट बघत बसलो. जीपच्या सावलीत बसायचो, तसा. त्याने अलगद उतरवलं. एकही उडी नाही. मी कधी इतकं सुंदर उतरवलं नव्हतं, हे मला ऐकूनही कळलं.

कधीपासून, विचारलं. फेब्रुवारीपासून, म्हणाला. रेडिओचा जोर कधी कमी पडलाच नव्हता. जानेवारीत विमान एका अंगावर पडलं, ते मी उलटी दांडी मारली म्हणून. मला ते दिसतच नव्हतं. खाली असेपर्यंत, ऐकू येतं तोवर तो खटका दाबून धरायचा. वर गेलं की सोडायचा. दहा हजार त्याने नेलं.

मग त्याने त्याच्या बाबांची गोष्ट काढली. बाबा त्यांच्या होडीचे तांडेल, खलाशांचे म्होरके. उतारवयात डोळे गेले. खलाशांनी एका शब्दाने कळू दिलं नाही. बाबा मागे सुकाणूवर हात ठेवून बसायचे, आणि त्यांच्या पाठीशी बाळाचा काका पायाने सुकाणू धरायचा. "बाबा मेले ते तांडेल म्हणून मेले, गफूर. त्यांना खाली कोणी उतरवला नाय. आमच्यात तांडेलाला कोण उतरवत नाय."

मी विचारलं, "तुझ्या बाबांना हे विचारलं होतंत?"

त्याने डब्याची एरियल खटाखट मिटली.

"शारजातले साहेब बरे रे," मी म्हटलं. "रेडिओ घ्यायचे ते तोंडावर घ्यायचे."

हे लागलं त्याला. लागावं म्हणूनच बोललो.

१८ डिसेंबर

आता सगळं ऐकू येतंय. म्हैस, रंग, धूर, पेडव्याचे काटे, भिंतीवरचे पाने. अख्खं घर वर्षभर नाटक करत होतं आणि मी एकटा प्रेक्षक होतो, तोही आंधळा. ज्याच्या कानाची बंदरभर तारीफ, त्याला स्वतःच्या घरातली कुजबुज कळली नाही.

२४ डिसेंबर

बाळा दुकानात आला, मी इंजिनात तोंड घालून बसलो. हातोडी मागितली नाही तरी त्याने दिली. मी ती खाली ठेवली.

शरीफा म्हणते, तुमच्यासाठीच केलं. मी म्हटलं, माझ्यासाठी करायचं होतं तर मला सांगायचं होतं. ती म्हणते, सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी सगळं मोडून टाकलं असतं. हे खरं आहे, म्हणून जास्त राग आला.

मग म्हणाली, "अजूनपण उडवा ना. बाळाभाऊ बघून सांगतील, डावीकडे, उजवीकडे, वर. तुमचे कान तर शाबूत हायत. तुमी हलवा."

मी म्हटलं, "मी काय टांग्याचा घोडा आहे?"

ती उठून गेली. बायकांना वाटतं सगळं इतकं सोपं असतं.

२८ डिसेंबर

ईद. बाळा दरवर्षीप्रमाणे शिरखुर्म्याला आला. गळाभेट झाली, पण लाकडी. मग आम्ही मासळीचे भाव बोललो. शिरखुर्म्याची वाटी शरीफाने माझ्यासमोरून उचलून नेली, तेव्हा बाळा हसला नाही. एरवी त्याने मला दिवसभर चिडवलं असतं.

जाताना दारात म्हणाला, विमान दुकानात धूळ खातंय, काय करू? मी म्हटलं, एकदा उडवायचंय. मी उडवणार. तू खटका दाबून धरायचा. काहीही झालं तरी सोडायचा नाही.

"आणि गेलं म्हणजे?"

"गेलं तर माझ्या हातून गेलं."

तो म्हणाला, निदान तोंडाने सांगतो कुठे आहे ते. मी म्हटलं, तोंडपण बंद. खूप बोललास वर्षभर. छान घेतलंस, शाब्बास. आता एक शब्द नको. अंगठा खाली आणि तोंड बंद. शब्द दे.

त्याने दिला. मालनवहिनी पायरीखाली उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "दोघेपण लहानपणी असेच होताव काय ओ?" बाळाने चपला पायात सरकवल्या.

७ जानेवारी २००१

आज उडवलं.

सकाळ चांगली होती. इंजिन मी लावलं. सुई कानाने लावली. ते माझं काम, त्यात अजून कोणाचा अंगठा नाही. बाळाने विमान हातातून सोडलं आणि धावत येऊन माझ्या शेजारी बसला. खटका दाबल्याचा आवाज ऐकला. टक्.

पहिला बराच वेळ विमान माझं होतं. हे मी देवाशपथ लिहितो. सूर जवळ आला की बारीक होतो, दूर गेला की जाड. त्यावरून वळण कळतं. येतंय, डोक्यावरून गेलं, लांब चाललं, वळव. पुन्हा आलं. मी त्याला सड्यावर फिरवत होतो, ना वाकडं ना तिकडं. शारजात चौदा वर्षं ऐकलेलं असं कामाला आलं. तेल कमी करत गेलो. चढलं. आवाज डासाएवढा झाला. मग दूर कोणीतरी कापड फाडत असावं इतका. मग तो आहे की मला वाटतोय, ते कळेना.

मग काही नाही.

मी मान वर केली. पांढरं. सगळीकडे सारखं पांढरं.

मी दांड्या हलवत राहिलो. जरा डावीकडे, थोडं वर. अंदाजाने. किती वेळ, ते मला माहीत नाही. वारा उठला होता. जमिनीकडचा वारा सकाळी समुद्राकडे वाहतो, हे मिरकरवाड्यात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. मलाही होतं. पण मी वळवू कुठे, तोंड कुठे आहे हेच माहीत नसताना?

बाळा शेजारी होता. त्याचा श्वास ऐकू येत होता. दुर्बीण तिकाटण्यावर हलली की करकरते, ती करकरत होती. म्हणजे तो बघत होता. हळूहळू पश्चिमेकडे फिरत होता.

आता खरं लिहितो, कारण ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही. त्या वेळी मी दांड्या हलवत होतो, पण कान दांड्यांकडे नव्हते. मी ऐकत होतो त्याचा खटका. सोड रे. एकदा सोड. फेब्रुवारीपासून सोडत होतास, मला न विचारता, बिनदिक्कत. आज सोड. मी ऐकलं नाही असं करीन. उतरव त्याला आणि मला म्हण, छान उतरवलंस गफूर, आणि मी म्हणेन, हो.

दुर्बीण करकरायची थांबली.

शेवटी मीच विचारलं, "दिसतंय?"

तो बोलला नाही. मीच तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं.

"बाळ्या, दिसतंय का?"

काही नाही. घड्याळ विमानात होतं. किती वर गेलं ते आता समुद्राला माहीत. दहा हजारांच्या वर गेलं असेल, अकरा असेल, माझ्या हाताने असेल. किंवा सड्याच्या कडेवरून दोनशे फुटांवरच गेलं असेल. ज्याने बघितलं तो सांगत नव्हता, आणि आता सांगितलं तरी मी विश्वास ठेवणार नाही, हे आम्हां दोघांनाही कळत होतं.

मी डबा खाली ठेवला आणि चाचपत त्याचा हात शोधला. अंगठा खटक्यावरच होता. गार, घट्ट. मीच एकेक बोट करून तो सोडवला.